बनवाबनवीचा शेवट

१९८८ साली प्रदर्शित झालेल्या, सचिन पिळगांवकर दिग्दर्शित 'अशी ही बनवाबनवी'तील विनोदाची उजळणी घरोघरी इतकी झाली आहे की, त्याच्या शेवटाकडे निरखून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ मधील 'बीवी और मकान'च्या कथेवरून वसंत सबनीसांनी लिहिलेल्या या चित्रपटात धनंजय आणि शंतनू माने हे दोघे भाऊ आपल्या खऱ्या नावांनीच वावरतात. सोंगाचा सारा भार पडतो तो साड्या नेसलेल्या परशुराम आणि सुधीर या मित्रांवर, कारण लीलाबाई काळभोर घर देणार ते सपत्नीक गृहस्थांनाच.

त्यातही 'पार्वती' झालेल्या परशुरामाचे डोहाळजेवण! एरवी असत्य हवे तितके दिवस रेटता येते. गर्भारपणाच्या असत्यास मात्र नऊ महिन्यांची मुदत असते, आणि बायकांच्या मेळ्यात पदर सावरीत लाजणारा लक्ष्मीकांत बेर्डे पाहून आपण हसतो ते ती मुदत मनात धरूनच.

नाट्याच्या पाच संधींपैकी अखेरच्या, निर्वहण नामक संधीत भरतमुनींनी अद्भुत रसाची योजना सांगितली आहे. 'अंगूर' या चित्रपटात जुळे भाऊ समोरासमोर आले की असा विस्मयकारक उलगडा होतो, कारण तेथे गोंधळ अजाणता घडलेला असतो. येथे फसवणूक जाणूनबुजून केलेली, म्हणून पितळ उघडे पडल्यावर क्षमेवाचून गत्यंतर नाही. ती लीलाबाई करतात. हे काहींना सोयीस्कर वाटेल. मला न्याय्य वाटते, कारण हे सोंग घराच्या अडचणीने लादलेले आहे.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूस हुसकावणे दुष्कर केले. हेतू संरक्षणाचा खरा, परंतु त्यामुळे नव्या माणसास जागा देण्यास मालक धजेना, आणि बिऱ्हाड नसलेल्या तरुणास तर उंबऱ्यावरूनच वाटेला लावी. आगरदांड्यासारख्या राजपुरी खाडीकाठच्या गावात हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबलेल्या कोकणी माणसाने गावकीच्या खोलीत, पाळीपाळीने वळकटी पसरून, वर्षे काढली आहेत.

शेवटी जोड्या जुळतात, म्हणजे लीलाबाईंची अट उशिरा का होईना, चौपट पुरी होते. इतके संसार एका घरात मावणार कसे, हा हिशेब मात्र चित्रपट मांडीत बसत नाही.