वाऱ्याचे सगेसोयरे

आमच्या जुन्या घरात न्हाणीघराच्या भिंतीत, अगदी वर, एक लहानशी खिडकी होती. तिला सगळे ‘व्हेंटिलेटर’ म्हणत. पुढे २०२० साली, करोनाच्या दिवसांत, हाच शब्द रुग्णालयातल्या यंत्रासाठी घरोघरी कानांवर पडू लागला. दोन्हींचे मूळ एकच. लॅटिनमधला ‘वेंतुस’, म्हणजे वारा.

लॅटिनच्या लेकींनी हा शब्द आपापल्या परीने सांभाळला. इटालियनमध्ये तो ‘व्हेंतो’ झाला, स्पॅनिशमध्ये ‘ब्येंतो’. फ्रेंच माणूस शेवटचा ‘त’ लिहितो, पण उच्चारत नाही. स्पॅनिशमध्ये खिडकीला ‘बेंताना’ म्हणतात, तीही वाऱ्यावरूनच. आपल्याला यात नवल वाटू नये, कारण संस्कृतात खिडकी म्हणजे ‘वातायन’!

गंमत पुढेच आहे. पोलिश, रशियन, जर्मन आणि यिडिश बोलणाऱ्यांची भांडणे पाहत बियालिस्तोक गावात वाढलेल्या झामेनहॉफ या डॉक्टरांनी १८८७ मध्ये ‘एस्परांतो’ ही भाषा रचली. कुणाचीच नाही, म्हणून सर्वांची, अशी भाषा त्यांना हवी होती. त्यांच्या नियमाप्रमाणे प्रत्येक नामाच्या शेवटी ‘ओ’ येतो. म्हणून वारा झाला ‘व्हेंतो’. १९०३ मध्ये इटालियन गणिती पेआनो यांनी लॅटिनमधली विभक्तीची रूपे गाळली आणि नामाचे पंचमीसारखे एकच रूप ठेवले. तेही ‘व्हेंतो’. १९५१ मध्ये ‘इंटरलिंग्वा’ आली. युरोपातल्या प्रमुख भाषांत जे शब्द समान, ते तिने घेतले. पुन्हा ‘व्हेंतो’! वाटा तीन, मुक्काम एक.

मी एस्परांतोची एक पुस्तिका घेऊन बसलो, तेव्हा हा शब्द लगेच आपलासा वाटला. तो आपला दूरचा नातलगच आहे. संस्कृतातला ‘वा’ हा धातू, त्यावरून आलेले वात आणि वायू, इंग्रजीतला ‘विंड’ आणि लॅटिनमधला ‘वेंतुस’ ही सारी एकाच कुळातली मंडळी. आपण ‘वाताहत’ म्हणतो, त्यातही हाच वारा आहे.

हे सारे मी उत्साहाने शेजारच्या तमिळ गृहस्थांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘आमचा काट्रु कुठे आहे यात?’’

मी निरुत्तर झालो. तमिळांचा ‘काट्रु’, चिन्यांचा ‘फंग’, अरबांचा ‘रीह’ यांपैकी एकही त्या तीन भाषांत नाही. एस्परांतोचे व्याकरण सोपे आहे, त्याचा लाभ सर्वांनाच होतो. शब्दांचे तसे नाही. इटालियन माणसाला जे आयते मिळते, ते चिनी माणसाला घोकावे लागते. झामेनहॉफ यांच्या हेतूविषयी मला आदरच आहे. पण शेजाऱ्यांच्या त्या एका प्रश्नानंतर, एखादी भाषा सर्वांची आहे असे कुणी म्हटले, की मी आधी विचारतो : तिच्यातले शब्द कोणाच्या घरचे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)