नाव बीजांडकोशाचे, दुखणे साऱ्या शरीराचे

वैद्यकी हा आमचा प्रांत नव्हे. परंतु कामगार भगिनींच्या आजारपणाच्या रजांसाठी भांडता भांडता आम्हांला ती वाचावी लागली. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर ‘पीसीओएस’ ही अक्षरे वारंवार दिसत.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी सात स्त्रियांचे वर्णन केले : पाळी अनियमित, बीजांडकोश मोठे, त्यांत गाठी. नाव गाठींवरून पडले. वस्तुतः त्या गाठी नव्हेतच. वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजांच्या त्या पिशव्या.

मग मूळ कोठे? पुष्कळ स्त्रियांत इन्शुलिन स्रवते, पण स्नायू त्याला दाद देत नाहीत. मालकाने अर्ज फेटाळला की आम्ही मोर्चा मोठा काढतो. शरीरही तसेच इन्शुलिन वाढवते. स्नायू बहिरे, बीजांडकोश मात्र ते ऐकतो आणि पुरुषी संप्रेरके अधिक तयार करतो. पाळी चुकते, हनुवटीवर केस येतात. जोडीला मंद दाह धुमसत असतो. ताप नाही, ठणका नाही. रक्तातले सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन तेवढे थोडे चढलेले. पोटावरची चरबी त्याला इंधन पुरवते, आणि हा दाह इन्शुलिनची वाट आणखी अडवतो. सडपातळ बाई यातून सुटतेच असे नाही.

पाळीची गोळी वाईट नव्हे. पण तेवढ्यावर बोळवण झाली की साखर तपासायची राहून जाते. (लग्न झाले की बरे होईल, असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांना तर या साखरेचा पत्ताच नसतो.) २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते की वजन कितीही असो, निदान होताच रक्तशर्करा पाहावी व पुढे दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा पाहावी. ग्लुकोज पाजून केलेली तपासणी त्यांत सर्वांत भरवशाची. तिला उपाशीपोटी येऊन दोन तास बसावे लागते. त्या दोन तासांचा पगार कापू नये, हे कलम आम्ही मागणीपत्रात घातले आहे.