दोन व्यापारी, दोन वास्तू

सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन कोठे जावे, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांत बहुधा ऐनवेळी सुटतो आणि मॉलमध्ये जाऊन संपतो. मुंबईत मात्र एका दिवसात निवांतपणे पाहून होतील आणि घरी परतल्यावरही बोलण्यास विषय पुरवतील, अशा दोन वास्तू आहेत. एक फोर्टमधील मुंबई विद्यापीठाचे आवार आणि दुसरी गावदेवीतील मणिभवन. या दोन्ही वास्तूंमागे एकेक जैन व्यापारी उभा आहे. एकाने आपली संपत्ती दिली, दुसऱ्याने आपले घर.

चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून ओव्हल मैदानाकडे आले की झाडांच्या वर राजाबाई टॉवर दिसू लागतो. विद्यापीठाची स्थापना 1857 ची. 1862 साली येथून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. परंतु त्या वेळी यांपैकी एकही इमारत उभी नव्हती. दीक्षान्त सभागृहास पारशी व्यापारी कावसजी जहांगीर यांनी, तर ग्रंथालय व घड्याळाच्या मनोऱ्यास प्रेमचंद रायचंद यांनी द्रव्य दिले. दोन्ही वास्तूंचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने केले आणि तेही मुंबईत पाऊल न ठेवता. मनोऱ्यावरील पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजांच्या शिल्पाकृती मुलांना अवश्य दाखवाव्यात. पागोट्यांवरून आणि पेहरावावरून माणसे ओळखण्याचा खेळ आजोबांना व नातवंडांना सारखाच रमवतो.

प्रेमचंद रायचंद मूळचे सुरतचे. जन्म 1831 चा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. या तेजीत प्रेमचंदांइतके वजन दुसऱ्या कोणाचे नव्हते. 1864 साली त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपले नाव न देता आई राजाबाई यांचे नाव द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ त्यांना कोणास न विचारता घंटेवरून कळावी म्हणून हा मनोरा उभारला गेला, अशी कथा जैन घरांतून सांगितली जाते. कथेचा भाग कथेचा. नाव मात्र आईचेच आहे.

पुढील वर्षीच सारे पालटले. 1865 मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्यांच्याबरोबर बॅकबे भरणीसारख्या कंपन्यांचे शेअरही. प्रेमचंदांची पेढी बुडाली. शेअरच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बे 1868 मध्ये गुंडाळावी लागली. त्या बँकेच्या कारभारावर प्रेमचंदांचा मोठा प्रभाव होता आणि अनेकांच्या ठेवी व भांडवल बुडण्यातील त्यांचा वाटा इतिहासाने झाकलेला नाही. दानशूर माणूस आणि सट्ट्याच्या लाटेवर इतरांना नेणारा माणूस एकच होता, हे मुलांपासून लपवू नये. विद्यापीठाला दिलेली रक्कम मात्र विद्यापीठाचीच राहिली. 1869 मध्ये कोनशिला बसली आणि नोव्हेंबर 1878 मध्ये 280 फूट उंचीचा मनोरा पूर्ण झाला. 2018 साली या परिसरातील वास्तुसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेजीत कमावलेले गेले, दिलेले तेवढे टिकले.

चर्चगेटहून लोकलने तिसरे स्थानक ग्रँट रोड. तेथून थोडे चालले की लॅबर्नम रोडवर मणिभवन लागते. हे दुमजली घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे. त्यांचे बंधू डॉ. प्राणजीवन मेहता हे गांधीजींचे लंडनपासूनचे स्नेही. श्रीमद् राजचंद्र याच कुटुंबाचे जावई आणि रेवाशंकरभाईंच्या जवाहिराच्या पेढीतील भागीदार. हिऱ्यामोत्यांचा व्यवहार आटोपताच धर्मग्रंथ किंवा टिपणवही उघडणारा हा व्यापारी गांधीजींनी जवळून पाहिला आणि त्याचा आपल्यावर झालेला परिणाम आत्मकथेत नोंदवून ठेवला. पेढी आणि स्वाध्याय यांचे वैर नाही, याचा याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल.

1917 ते 1934 या काळात मुंबईस आले की गांधीजी मणिभवनात उतरत. येथे ते पिंजण शिकले. रौलट कायद्याविरुद्धच्या चळवळीत, 7 एप्रिल 1919 रोजी, सरकारी नोंदणी न करता काढलेले ‘सत्याग्रही’ पत्र येथूनच निघाले. 4 जानेवारी 1932 च्या पहाटे पोलिसांनी त्यांना याच घराच्या गच्चीवरून अटक करून नेले. जवाहिराचा धंदा विश्वासावर आणि शांततेवर चालतो. दारात पोलीस येणे त्याला परवडत नाही. असे असूनही सतरा वर्षे हे दार बंद झाले नाही. देणगीचा आकडा वहीत लिहिता येतो. हा खर्च कोणत्या खात्यात लिहावा?

तळमजल्यावर ग्रंथालय आहे. दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली गादी, चरखा आणि बैठ्या मेजासह जपली आहे. शेजारच्या दालनातील छोट्या देखाव्यांतून त्यांचे चरित्र उलगडते. लहान मुले येथे सर्वांत अधिक रेंगाळतात. 1959 च्या भारतभेटीत मार्टिन ल्यूथर किंग यांनी येथे मुक्काम केला होता.

दिवसाची आखणी सोपी आहे. विद्यापीठ सकाळी पाहावे. मनोऱ्यावर चढू देत नाहीत, आणि आवार व ग्रंथालय पाहण्याच्या परवानगीची आधी चौकशी करावी. दुपारचा डबा घरून न्यावा. मणिभवनाच्या प्रवेशमूल्याचीही आधी चौकशी करावी. चौविहार असणाऱ्यांनी तेथून उजेड असतानाच निघावे.

राजाबाईंचे नाव सारी मुंबई घेते. रेवाशंकरभाईंचे नाव मात्र घर पाहून आलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. ते नाव मुलांना वडीलधाऱ्यांनीच सांगावे, आणि दोघांपैकी कोणाचे देणे अधिक कठीण होते, हेही त्यांना विचारावे. उत्तर सांगण्याची घाई करू नये. आपल्या घरातील पुढची पिढी पेढीकडे कोणत्या दृष्टीने पाहते, ते त्यांच्या बोलण्यातून आपोआप कळेल.