रंगांत निसर्ग, शब्दांत माणूस

बँकेची नोकरी म्हणजे आयुष्याची निश्चिंती! पण रामकुमार यांनी १९४८ मध्ये ती सोडली, आणि तीही चित्रे काढण्यासाठी.

१९२४ मध्ये सिमल्यात जन्मलेल्या रामकुमारांचे बालपण डोंगरांच्या सान्निध्यात गेले. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात ते अर्थशास्त्र शिकले. सायंकाळी शारदा उकील कला विद्यालयात चित्रकलेचे धडे घेऊ लागले. पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी आंद्रे ल्होत आणि फर्नां लेजे यांच्याकडे अध्ययन केले. परतल्यावर दिल्ली हीच त्यांची कर्मभूमी ठरली. सुरुवातीच्या चित्रांत शहरातली उदास, एकाकी माणसे असत.

१९६० मध्ये ते मकबूल फिदा हुसेन यांच्यासह वाराणसीला गेले. घाट, गंगा, दाटीवाटीची घरे पाहून त्यांचा कुंचला बदलला. चित्रांतून माणूस हळूहळू नाहीसा झाला. मग घरेही विरली. उरले ते डोंगर, पाणी आणि आकाश, तेही केवळ रंगांच्या पट्ट्यांतून जाणवणारे.

मग माणूस गेला कुठे? तो त्यांच्या लेखणीत राहिला. 'घर बने घर टूटे' ही कादंबरी आणि अनेक हिंदी कथा त्यांनी लिहिल्या. प्रसिद्ध कथाकार निर्मल वर्मा हे त्यांचे धाकटे बंधू.

२०१० मध्ये त्यांना पद्मभूषण लाभले. २०१८ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. सुरक्षित वाट सोडणाऱ्या या कलावंताने निसर्ग रंगांना दिला आणि माणसाचे दुःख शब्दांना.