यादीत न आलेल्या गोष्टी

शाळेच्या कपाटात पुस्तकं कशी येतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अनुदान येतं, यादी निघते, गठ्ठे उतरतात आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचा फोटो निघतो. ती यादी ज्या खोलीत ठरते तिथे मी बरीच वर्षं बसत आले आहे, कधी जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी, तर कधी सार्वजनिक वाचनालयांच्या बालविभागासाठी. तिथे घडतं त्यातलं फार थोडं इतिवृत्तात उतरतं. उरलेलं इथे लिहिते.

माझ्या पहिल्याच बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी पिशवीतून कॅल्क्युलेटर काढला आणि प्रत्येक पुस्तकाची किंमत पानांनी भागायला सुरुवात केली. समोर २४ पानांचं एक चित्रपुस्तक होतं, पन्नास रुपयांचं. शेजारी १६० पानांच्या बोधकथा, ऐंशी रुपयांच्या. एकाचं पान दोन रुपयांना पडत होतं, दुसऱ्याचं आठ आण्यांना. "आणि शब्द तरी किती आहेत यात?" सरांनी विचारलं. मी मोजले. शहाण्णव भरले. मी त्यांना म्हटलं, "सर, एकदा मोठ्यानं वाचून दाखवता का?" त्यांनी वाचायला घेतलं आणि तिसऱ्या पानावर थांबले. "ही मांजर मघाशी कुठे होती?" पान मागे गेलं. मांजर पडद्याआड होती, नुसती शेपटी दिसत होती. मग आम्ही चौघं प्रत्येक पानावर तिला शोधू लागलो आणि शेवटच्या चित्रातली मांजर तीच की दुसरी यावरून चक्क भांडलो. शहाण्णव शब्दांना पस्तीस मिनिटं लागली. पुस्तक यादीत गेलं. दुसऱ्या दिवशी सर कॅल्क्युलेटर घेऊनच आले. आता ते किमतीला मिनिटांनी भागत होते.

शाळेच्या बैठकीत बारीक पुस्तकाला असा झगडा करावा लागतो. सार्वजनिक वाचनालयात मात्र तेच पुस्तक बारीक म्हणूनच पसंत पडतं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आपल्याकडे वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात, वर्गावर अनुदान ठरतं आणि वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या बघितली जाते. दाखल नोंदवहीत कादंबरीला एक क्रमांक आणि सोळा पानी गोष्टीलाही एकच. एका वाचनालयाने मार्चअखेरीला बालविभागासाठी चारशे पुस्तकं घेतली, म्हणून मी मोठ्या आनंदाने बघायला गेले. क्रमांक चारशे होते, शिक्के चारशे होते. शीर्षकं एकवीस होती.

प्रत्येक सदस्य बैठकीला येताना आपलं लहानपण सोबत आणतो. कुणाला फास्टर फेणे हवाच असतो. कुणी 'श्यामची आई'शिवाय पुढे सरकायला तयार नसतो. दोघांचंही मला पटतं, मी याच पुस्तकांवर वाढले. पण १९३५ सालच्या 'श्यामची आई'तली मराठी आज पहिली-दुसरीतल्या मुलाला एकट्याने झेपत नाही आणि नेमकी त्याच वयाची पुस्तकं यादीत सर्वांत कमी असतात. २०१६ साली टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाचा लेखनासाठीचा पहिला 'बिग लिटल बुक' पुरस्कार माधुरी पुरंदरे यांना मिळाला. लेखनाच्या या पुरस्कारासाठी दर वर्षी एक भारतीय भाषा निवडायची होती आणि पहिलाच मान मराठीला, म्हणून मी ती बातमी बैठकीत वाचून दाखवली. एका मुख्याध्यापकांनी तळमळीने विचारलं, "यांची पुस्तकं आमच्या शाळेला मिळतील का?" पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या शाळेत गेले. कपाट उघडलं. पुरंदरे यांच्याच 'राधाचं घर'चा संच दोन वर्षांपूर्वीच येऊन पडला होता. प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं आणि दाखल क्रमांक त्या प्लॅस्टिकवर घातलेला होता.

मला त्या सरांचा राग आला नाही. पुस्तक हरवलं तर आपल्याला भरून द्यावं लागेल, ही धास्ती आपल्या शिक्षकांच्या मनात खोल बसलेली आहे. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच पुस्तक वापरासाठी असतं असं सांगतो. शाळेत पुस्तकाची नोंद मात्र टेबल-खुर्च्यांसारखी होते आणि खुर्ची कुणी मुलाच्या हातात घरी देत नाही.

पैशांचं सांगायचं तर समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये धरलेले आहेत. प्राथमिक शाळेच्या वाट्याला त्यातला तळचा आकडा येतो. पन्नास रुपयांचं एक धरलं तर शंभर पुस्तकं झाली. म्हणून एकही निवड वाया गेलेली मला सोसत नाही. पण निवड चांगली होऊनही माल वेगळा येतो. एकदा आम्ही शिलाईची, जाड कागदाची नमुना प्रत बघून एक लोककथासंग्रह पक्का केला. आल्या त्या प्रती पिना मारलेल्या. एका शाळेतल्या प्रतीत तर दुसऱ्या फर्म्याच्या जागी पुन्हा पहिलाच लागला होता. सोळाव्या पानावर राजकन्या विहिरीत पडत होती आणि पुढचं पान पुन्हा पहिलं. बाईंनी बदली प्रत मागवली, ती यायला सात महिने लागले. तोवर चौथीतल्या मुलांनी राजकन्येला आपापल्या परीने विहिरीतून बाहेर काढलं आणि ते शेवट वहीच्या कागदावर लिहून मागच्या पुठ्ठ्याला चिकटवले. सहा शेवट होते. नवी, बिनचूक प्रत आली तेव्हा मुलांनी ती एकदा चाळून परत ठेवली. मागणी जुन्याच प्रतीला राहिली.

माझ्याकडून झालेली एक चूकही सांगायला हवी. विदर्भातल्या खेड्यात घडणारी एक गोष्ट आमच्यापुढे होती. त्यातले संवाद बोलीत होते. दोन सदस्यांना ती भाषा अशुद्ध वाटली, त्यांना सगळं प्रमाण मराठीत हवं होतं. मी तासभर भांडले. अकोल्याचं मूल शाळेत येतं तेव्हा त्याच्या घरची भाषा पुस्तकात भेटली पाहिजे, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. शेवटी पुस्तक मंजूर झालं. चहाचे कप उचलायला मावशी आल्या. त्यांचं माहेर अकोल्याकडचं, म्हणून मी कौतुकाने ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी सावकाश वाचलं आणि म्हणाल्या, "मॅडम, गाव आमच्याकडचं हाये, पन बोलनं साताऱ्याचं हाये. 'काय रं' असं आमच्याकडे कोनी म्हनत नाई." खोलीत कुणी काही बोललं नाही. पुस्तक मीच मागे घेतलं. तेव्हापासून बोलीतलं पुस्तक आलं की त्या भागातल्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय मी त्यावर सही करत नाही.

मुलांना विचारायची पद्धत आम्ही उशिरा सुरू केली. शेजारच्या वर्गात सतरंज्या टाकल्या, साठ नमुना प्रती पसरल्या, तिसरी-चौथीची मुलं सोडली आणि एका कोपऱ्यात नुसतं बघत बसलो. आम्ही सर्वांत जास्त गुण दिलेलं पुस्तक एका मुलाने लगेच उचललं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याने ते मांडीवर घेतलं, त्यावर कागद ठेवला आणि शेजारच्या पुस्तकातलं भूत बघून बघून काढायला लागला. भुताचं ते पुस्तक आम्ही आदल्या दिवशीच बाद केलं होतं.

सगळ्यात अलीकडची गोष्ट बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेची. तिथल्या सरांनी कपाटाची किल्ली पाचवीतल्या एका मुलीकडे दिली. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांबरोबर मुलंही गेली आणि जाताना तिने प्रत्येकाला एकेक पुस्तक दिलं. वहीत नाव लिहून, अंगठ्याएवढी सही घेऊन. अकरा पुस्तकं शेकडो किलोमीटर दूर, कारखान्यांच्या फडांवर गेली. सरांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. तपासणी आली तर काय दाखवायचं, हे त्यांना कळत नव्हतं. निर्लेखनाचा कागद कसा करायचा, तेही मी त्यांना सांगून ठेवलं.

हंगाम संपला, कोयते परत आले. अकरापैकी नऊ पुस्तकं आली. पावसाने फुगलेली, एकावर चुलीचा काळा डाग. दोन गेली ती गेली. मग सरांचा पुन्हा फोन आला. एका मुलाने दहावं पुस्तक आणून दिलं होतं, ते या शाळेचं नव्हतंच. त्यावर सांगलीकडच्या एका गावच्या वाचनालयाचा शिक्का होता. फडाशेजारच्या मुलाशी अदलाबदल केली, असं तो सांगत होता. आमचं पुस्तक तिकडे राहिलं, त्यांचं इकडे आलं.

"मॅडम," सर म्हणाले, "हे नोंदवहीत कुठल्या रकान्यात लिहू?"