पुलाच्या अलीकडे परवाना, पलीकडे गुन्हा

पंजाबच्या सीमेवर 2019 पासून पाकिस्तानातून ड्रोन येत आहेत. अमृतसर, तरनतारन, फिरोजपूरच्या शेतांत ते रात्री हेरॉइनची पाकिटे टाकून जातात. ड्रोन सापडला की त्याचा फोटो छापून येतो. पण तुरुंगात बहुतेक वेळा कोण जातो? शेतात पाकीट उचलायला गेलेला पोरगा! माल पाठवणारा सीमेपार आणि पैसा लावणारा आपल्या बंगल्यात सुरक्षित.

आमच्या ब्रह्मपुरीला परदेशाची सीमा नाही, वैनगंगा आहे. येथे ड्रोनचीही गरज नाही. डोंगा, मोटारसायकल आणि बेरोजगार पोरगा एवढ्यावर धंदा चालतो. अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पूल ओलांडला की वडसा, म्हणजे गडचिरोली. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 1 एप्रिल 2015 ला आली आणि मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने उठवली. बंदीच्या काळात माल भंडारा-नागपूरकडून ब्रह्मपुरीत यायचा. बंदी उठली आणि तो ब्रह्मपुरीतून पलीकडे जाऊ लागला. रस्ता उलटा झाला, एवढेच.

ही बंदी कोणी फुकट दिली नव्हती. डिसेंबर 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर हजारो स्त्रिया पायी गेल्या होत्या. तिची अंमलबजावणी करताना नोव्हेंबर 2018 मध्ये शेजारच्या नागभीड ठाण्याचे उपनिरीक्षक छत्रपती चिडे तस्करांच्या गाडीखाली चिरडले गेले. बंदी हवी की नको, यावर आमच्यातच दोन मते आहेत. संविधान सभेत जयपालसिंग मुंडा यांनीही आदिवासींच्या वतीने दारूबंदीला हरकत घेतली होती. तो वाद आज बाजूला ठेवू.

मी वकील म्हणून जे पाहतो ते सांगतो. कलम 65(ई) खाली आरोपी म्हणून उभा राहतो तो गाडी चालवणारा, नाही तर पेटी उतरवणारा. त्यात आमच्या वस्तीतलीही पोरे असतात. पाचवे शील रोज म्हणणाऱ्या घरातली! पोरगा मालकाचे नाव सांगत नाही, आणि सांगितले तरी पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही. मग मालक सुटतो, असे सांगितले जाते.

हे अर्धसत्य आहे. कारखान्यात भरलेल्या प्रत्येक बाटलीवर बॅच नंबर असतो. तो माल कोणत्या ठोक विक्रेत्याकडे आणि तिथून कोणत्या परवानाधारकाकडे गेला, याचा माग राज्य उत्पादन शुल्क विभागाला नोंदवह्यांवरून काढता येतो. कटासाठी कलम 83 आहे, परवाना निलंबित वा रद्द करायला कलम 54 आहे. फोनची नोंद आहे, बँकेचे खाते आहे. पण मी हाताळलेल्या बहुतेक पंचनाम्यांत काय लिहिलेले असते? ‘देशी दारूच्या इतक्या निपा, किंमत इतकी.’ बॅच नंबरच नाही! मग तपास दुकानापर्यंत पोहोचणार कसा? माल पकडला, गाडी जप्त केली, पोरगा आत, संपला तपास.

आणि गाडी तरी कोणाची? अनेकदा पोराच्याच नावावर कर्जाने घेतलेली. गाडी ठाण्याच्या आवारात गंजते, हप्ता मात्र आई मजुरी करून भरते.

बंधू-भगिनींनो, वस्तीतला पोरगा धरला की आपण आधी जामीनदार शोधायला धावतो. त्याबरोबरच पंचनाम्याची प्रत मागा. तीत बॅच नंबर नसेल तर तो नोंदवून तपास पुढे न्यावा, असा लेखी अर्ज पोलीस अधीक्षक आणि उत्पादन शुल्क अधीक्षक या दोघांकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका.