पाणी दोन गावांचे, खर्च कोणाचा?

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले असून त्याच्या उत्तरेला अंबाबरव्याचा डोंगराळ वनप्रदेश आणि दक्षिणेला पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे पसरलेले आहे. डोंगरावर पडलेला पाऊस नाल्यांतून वेगाने खाली उतरतो आणि पायथ्याशी उतार कमी होताच त्याने आणलेला गाळ व गोटे पात्रातच बसतात. पात्र उथळ होते आणि पुढच्या जोरदार पावसात पाणी शेतात, रस्त्यावर किंवा गावठाणात शिरते. जुलै 2023 च्या अतिवृष्टीत संग्रामपूर आणि जळगाव जामोद या दोन्ही तालुक्यांनी अशा पुराचा तडाखा सोसला. पाणी एकामागून एक गावांच्या शिवा ओलांडत जात असताना त्याच्या निचऱ्याचा खर्च मात्र ज्या-त्या ग्रामपंचायतीच्या हद्दीपुरताच मंजूर होतो, हीच या प्रश्नातील मूळ अडचण आहे.

गावातील रस्ते आणि नाल्या बांधणे हे 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामपंचायतीचे काम आहे. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग व राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात आणि नैसर्गिक नाल्याची जमीन सरकारची असते. त्यामुळे गल्लीतून निघालेले पाणी नालीत असेपर्यंत एका संस्थेचे, रस्त्याखालच्या मोरीत दुसऱ्या संस्थेचे आणि नाल्यात पडल्यावर तिसऱ्याच खात्याचे ठरते. मोरी तुंबली तर तिच्या वरच्या बाजूची उत्तम बांधलेली नालीही निरुपयोगी होते.

पैशाचीही अशीच वाटणी झालेली आहे. घरपट्टी व इतर करांचे उत्पन्न लहान गावात बहुधा दिवाबत्ती, पाणीपुरवठा आणि कर्मचाऱ्यांच्या पगारात संपते, म्हणून बांधकामाचा भार मुख्यतः वित्त आयोगाच्या अनुदानावर पडतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात महाराष्ट्रात या अनुदानाचा 80 टक्के हिस्सा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी 10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला देण्यात आला. 2021-22 पासून त्यातील 60 टक्के रक्कम ‘बंधित’, म्हणजे स्वच्छता आणि पाणी या ठरावीक कामांसाठी राखलेली, तर 40 टक्के ‘अबंधित’, म्हणजे गावाच्या गरजेनुसार वापरण्याजोगी होती. याखेरीज ग्रामविकास विभागाच्या 2515 या लेखाशीर्षाखाली लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामे घेतली जातात. अशी कामे गल्लीगल्लीने मंजूर होतात, आणि तुकड्यातुकड्याने बांधलेली नाली अखेर पाणी कोठे सोडणार हे त्या गल्लीच्या अंदाजपत्रकात सहसा नसते.

गल्लीत सिमेंटचा रस्ता होतो तेव्हा जुना थर न खोदता त्यावरच नवा थर टाकला जातो, दोन-तीन वेळा असे झाले की रस्ता जुन्या घरांच्या उंबऱ्याच्या वर येतो आणि पूर्वी अंगणातून बाहेर जाणारे पाणी उलटे घरात शिरू लागते. शिवाय मातीत थोडेफार मुरणारे पाणी आता जवळजवळ सगळे वाहते. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर 10,000 लिटर पाणी होते. दहा हेक्टरांच्या गावठाणावर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर 50 लाख लिटर पाणी जमते आणि त्यातील निम्मेच वाहिले असे धरले तरी नालीच्या तोंडाशी दर सेकंदाला सुमारे 700 लिटर पाणी येते. गल्लीच्या रुंदीकडे पाहून आखलेल्या हातभर नालीला हा भार पेलत नाही.

म्हणून खर्चाची वाटणी हद्दीवर नव्हे, तर पाणलोटावर, म्हणजे एका ठिकाणी ज्याचे पाणी गोळा होते त्या सगळ्या क्षेत्रावर, ठरायला हवी. समजा, एका मोरीकडे वरच्या गावाच्या 70 हेक्टर शेतीचे आणि खालच्या गावाच्या 30 हेक्टर वस्तीचे पाणी येते. केवळ क्षेत्र मोजले तर वरच्या गावाने 70 टक्के खर्च द्यावा असे निघते. पण शेतातून 30 टक्के आणि पक्क्या वस्तीतून 70 टक्के पाणी वाहते असे धरले तर दोघांचाही भार 21 हेक्टरांइतकाच होतो आणि खर्च निम्मा-निम्मा ठरतो. हा हिशेब जिल्हा परिषदेच्या अभियंत्याने मांडून दोन्ही ग्रामसभांपुढे ठेवला, तर वरचे गाव पाणी सोडून मोकळे झाले ही खालच्या गावाची तक्रार आणि खालच्याने नाला बुजवला ही वरच्याची तक्रार, दोन्ही आकड्यांवर तपासता येतील.

एकाच प्रवाहाच्या कामाची वाटणी मुंबईने पाहिली आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाल्यानंतर सुमारे 17.84 किलोमीटर लांबीच्या मिठी नदीपैकी 11.84 किलोमीटरचे काम महापालिकेकडे आणि 6 किलोमीटरचे काम महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आले. तेथे लांबी वाटली गेली; सोनाळा, टुनकी, बावनबीर यांसारख्या गावांच्या परिसरात त्याहून अधिक न्याय्य अशी भाराची वाटणी शक्य आहे.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम 243 झेडडी प्रमाणे जिल्हा नियोजन समितीने पंचायती व नगरपालिकांच्या योजना एकत्र करताना त्यांच्या सामाईक हिताच्या बाबी, त्यांत पाणी व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, विचारात घ्यायच्या आहेत. संग्रामपूरला नगरपंचायत असल्याने गाव आणि शहर यांच्या शिवेवरचा निचराही याच चौकटीत बसतो. एकाच नाल्यावरील ग्रामपंचायतींनी एकच तांत्रिक आराखडा आपापल्या वार्षिक विकास आराखड्यात घालावा, रस्त्याखालच्या मोऱ्यांचा भार पंचायत समिती व जिल्हा परिषदेच्या हिश्श्यातून उचलला जावा आणि बांधकाम तोंडाकडून वर सरकत जावे. मृगापूर्वी गाळ काढण्याची रक्कम त्याच ठरावात गावागणिक लिहून ठेवणे तितकेच गरजेचे आहे, कारण बांधकामाला निधी मिळतो, साफसफाईला तो शोधावा लागतो. येत्या ग्रामसभेत नव्या सिमेंट रस्त्याची मागणी करणाऱ्या प्रत्येक ग्रामस्थाने त्या रस्त्याचे पाणी कोठे जाणार आणि पुढच्या मोरीचा खर्च कोण देणार, हे दोन प्रश्न आधी विचारावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.